एक पत्रा, अनेक रंग

हॉस्टेलच्या ज्या रूममध्ये मी सबमिशनच्या दिवसांत मुक्कामाला असतो (माझं घर डोंबिवलीला, पण शेवटच्या आठवड्यात रोज लोकलने ये-जा करून ड्रॉइंग शीट्स पूर्ण होत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे), त्या रूमच्या भिंतीवर एक चित्र चिकटवलेलं आहे. कॉलेजच्या लायब्ररीने जुनी मासिकं रद्दीत काढली तेव्हा त्यातलं एक पान मी उचलून आणलं होतं. चित्रात माणूस नाही, घर नाही, झाड नाही. निळ्यात पिवळा शिरलेला, पिवळ्यात कुठेतरी तांबूस, आणि हजारो बारीक खुणा एका मध्याभोवती गरागरा फिरताहेत. आमचा सोलापूरकर रूममेट पहिल्या दिवशी म्हणाला, "काय बे, रांगोळी सांडली का काय?" दुसरा म्हणाला, वॉशिंग मशीनच्या आतला फोटो आहे. तिसऱ्याने नुसतं वळून पाहिलं आणि मेसला गेला.

चित्राखाली नाव होतं : 'व्हर्लपूल', कृष्णा रेड्डी, 1963. म्हणजे पाण्यातला भोवरा. आणि त्याखाली बारीक अक्षरात एवढंच, की हे सगळे रंग एकाच धातूच्या प्लेटवरून, एकाच दाबात कागदावर उतरलेले आहेत.

हे एक वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. चित्र आवडलं की नाही हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण एका प्लेटवर तीन-चार ओल्या शाया लावायच्या, वरून दाबायचं आणि तरी चिखल व्हायचा नाही, हे कसं? आपण इंजिनिअरिंगची मुलं. चित्र कळो न कळो, यंत्र कसं चालतं ते कळल्याशिवाय झोप येत नाही.

शनिवारी घरी गेलो तेव्हा ते पान सोबत नेलं. माझे बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये 28 वर्षं मशीनमन होते. चार रंगांचं मशीन त्यांच्या हाताखाली होतं. नंतर ती प्रेस बंद झाली, मशीन विकलं गेलं, आणि बाबा आता एका सोसायटीत सुपरवायझर आहेत. त्या कामाबद्दल ते घरात बोलत नाहीत. मीही कधी विचारलं नव्हतं. ॲडमिशनच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'खाजगी नोकरी' लिहिलं होतं, तेव्हाही आणि नंतरही.

बाबांनी पान हातात घेतलं, खिडकीकडे तिरकं धरलं आणि कपाट उघडून आतून एक घडीचं पितळी भिंग काढलं. हे भिंग घरात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. ते पानावर टेकवून त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "हे घे, बघ."

भिंगातून पाहिलं तर भोवरा गायब. सगळीकडे ठिपके. निळे, गुलाबी, पिवळे, काळे, फुलासारखे गोलगोल बसलेले.

"तुझा माणूस एकच प्लेट म्हणतोय ना? हे चार प्लेटचं काम आहे. म्हणजे मासिकवाल्यांचं. त्यांनी त्या चित्राचा फोटो काढला, चार रंगांत फोडला आणि ऑफसेटवर छापला. त्याने काय केलं ते यात दिसणारच नाही."

गोष्ट अगदी खरी होती. मी इतके दिवस जे पाहत होतो ते रेड्डींच्या छाप्याचं चित्र होतं. छापा पाहिलाच नव्हता. तेव्हा मूळ पद्धत समजून घ्यायची तर ती करूनच पाहावी लागणार होती. आमचा पुढचा दीड महिना त्यात कसा गेला ते सांगतो, पण आधी थोडी माहिती द्यायला हवी.

रंगीत चित्र छापायची जुनी रीत म्हणजे एका रंगाला एक साचा. आपल्याकडे याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण राजा रविवर्मांच्या प्रेसचं. 1894 साली मुंबईत सुरू झालेली ही प्रेस पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेली. आजी-पणजीच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या तसबिरी असायच्या त्यांतल्या कितीतरी तिथल्या. ते शिळाछापाचं काम होतं. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं आणि छापायचं. रंग बदलला की दगड बदलला. साडीच्या लालाचा एक दगड, अंगकांतीचा दुसरा, आकाशाचा तिसरा. एकच कागद पुन:पुन्हा दाबाखाली जायचा, आणि दर वेळी तो केसभरही न हलता नेमक्या जागी बसायला हवा. छापखान्यात याला रजिस्टर म्हणतात. रजिस्टर चुकलं की देवीचे ओठ गालावर. ऑफसेटमध्येही मूळ कल्पना तीच, फक्त रंग चारच आणि बाकीचं काम ठिपके करतात.

आता कृष्णा रेड्डी. जन्म 1925, आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातलं खेडं. शांतिनिकेतनला नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. पुढे लंडनला स्लेड स्कूलमध्ये हेन्री मूर यांच्याकडे आणि मग पॅरिसला शिल्पकार झाडकिन यांच्याकडे शिल्पकला. म्हणजे हा माणूस मुळात शिल्पकार, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. पॅरिसमध्ये ते 'आतेलिए 17' नावाच्या छापकामाच्या कार्यशाळेत गेले. ती 1927 मध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्रज चित्रकाराने सुरू केली होती. आणि हेटर कोण? लंडनच्या किंग्ज कॉलेजात रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेला, काही वर्षं इराणमध्ये आबादानला तेल कंपनीत नोकरी केलेला माणूस! ज्याने ऑइल कंपनीत दिवस काढले त्याच्या कार्यशाळेतून व्हिस्कॉसिटीवर चालणारी छापण्याची पद्धत बाहेर पडावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

ही पद्धत घडवण्यात तिसरं एक नाव येतं ते आपल्या मुंबईचं. कैको मोती, म्हणजे कैकोबाद मोतीवाला. जन्म मुंबईचा, शिक्षण सर ज. जी. कला महाविद्यालयात, मग लंडन, मग पॅरिस. डोंबिवलीहून फास्ट पकडली तर जे. जे. तासा-दीड तासावर, आणि तिथे शिकून गेलेल्या माणसाचं नाव मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं. (जे. जे.मध्ये आजही छापचित्रांचा स्वतंत्र विभाग आहे. त्यांचं वार्षिक प्रदर्शन असतं तेव्हा जाऊन बघा.)

रेड्डींना 1972 मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे ते न्यूयॉर्कला गेले, तिथे विद्यापीठात शिकवलं आणि 2018 मध्ये तिथेच वारले. त्यांचा 1968 चा 'डेमॉन्स्ट्रेटर्स' हा छापा पॅरिसमध्ये त्या साली झालेल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनातून आलेला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. यांची प्लेट सपाट नसते. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने आणि हत्यारांनी कोरून वेगवेगळ्या खोलीचे थर तयार केलेले असतात. सगळ्यात वर मूळ पृष्ठभाग, त्याखाली एक पायरी, त्याखाली दुसरी, आणि सगळ्यात खोल रेषांच्या चरी. शिल्पकाराचं काम ते इथे. प्लेट म्हणजे हाताच्या आकाराचा डोंगराळ मुलूखच : माथे, उतार, दऱ्या.

आधी चरींत घट्ट शाई भरायची आणि वरून पुसून काढायची. मग एक कडक रोलर, त्यावर पातळ तेलकट शाई. कडक रोलर वाकत नाही, त्यामुळे तो फक्त माथ्यांना शिवतो. मग एक मऊ रोलर, त्यावर घट्ट शाई. मऊ रोलर दाबला की खालच्या पायऱ्यांपर्यंत पोचतो. पण तो माथ्यावरूनही जातोच की! मग माथ्यावर दोन्ही शाया एकमेकींत का मिसळत नाहीत?

याचं उत्तर व्हिस्कॉसिटीत आहे, मराठीत श्यानता. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या दहा पानांत जी येते आणि व्हायवाला हमखास विचारली जाते ती. 20 अंश तापमानाला पाण्याची श्यानता साधारण 1 सेंटीपॉइज. छपाईची घट्ट शाई याच्या हजारो पट. ती आपल्या लॅबमधल्या रेडवूड व्हिस्कोमीटरमध्ये ओतली तर पुढच्या सेमिस्टरला खाली पडेल. शिवाय शाई न्यूटनचा नियम धड पाळत नाही. डब्यात गोठल्यासारखी बसलेली असते, सुरीने घोटली की सैल होते, पुन्हा ठेवली की बसते. त्यामुळे आम्ही शेवटी काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये वाटाण्याएवढी शाई ठेवून वर एक किलोचं वजन ठेवायचो आणि एका मिनिटात ठिपका किती पसरतो ते पाहायचो. पातळ शाई पाच रुपयाच्या नाण्याबाहेर जायची, घट्ट शाई जुन्या चार आण्याएवढी राहायची. रीत गावठी असली तरी तुलनेला पुरते.

पातळ करायला जवसाचं तेल. घट्ट करायला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड, जी बाबांच्या एका जुन्या सोबत्याकडून मिळाली. शाईचे अर्धे वापरलेले डबेही त्याच्याकडचेच : पिवळा, निळा, काळा.

हे सगळं करायचं ठरलं तेव्हा पहिला घोटाळा प्लेटचाच झाला. मला वाटलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सर्किट बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये कोरतातच, तोच तांब्याचा बोर्ड घेऊ. घेतला, मार्करने नक्षी काढली, कोरला. बोट फिरवलं तर खोली लागेचना. नंतर हिशोब केला. त्या बोर्डावर तांब्याचा थर साधारण 35 मायक्रॉन, आणि आपल्या झेरॉक्सचा कागद अंदाजे 100 मायक्रॉन जाड. म्हणजे माझे डोंगर कागदाच्या जाडीच्या एक तृतीयांश! कडक काय, मऊ काय, सगळे रोलर त्यावरून एकसारखेच फिरणार.

मग डोंबिवली पूर्वेच्या एका नेमप्लेटवाल्याकडे गेलो. पितळी पाट्या ॲसिडने कोरून त्यात रंग भरणारे हे लोक म्हणजे आपल्या गल्लीतले खरे एचर. त्याच्याकडे आडनाव चुकलेली एक पाटी पडून होती, दोन मिलिमीटर जाड. 'कुलकर्णी'चा 'कुळकर्णी' झाला होता म्हणून गिऱ्हाइकाने नाकारलेली. पाठीमागची बाजू कोरी. त्यातून 9 सेंटिमीटरचा चौकोन कापून घेतला.

नक्षी कसली काढायची? रेड्डींची नक्कल करायची नव्हती, येणारही नव्हती. पण भोवरा मी रोज पाहत होतो. कळवा सोडून गाडी ठाण्याला येताना खाडीचा पूल लागतो. ओहोटीला खांबांच्या मागे पाणी वळतं, एक भोवरा डावीकडे सुटतो, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पुस्तकात याला कारमन व्होर्टेक्स स्ट्रीट म्हणतात, आणि परीक्षेत ती आकृती मी रटून काढली होती. आता दारात उभं राहून (आत उभं राहायला जागा असते कुठे!) पाहू लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. भोवऱ्याला कड नसते. आपण आकृतीत रेघ काढतो, पण पाण्यात रेघ नसते, फक्त वेग बदलत जातो. आणि 'व्हर्लपूल'मध्येसुद्धा कुठे बाह्यरेषा नाही. खुणांची दिशा बदलत जाते, रंग बदलत जातो, आणि डोळा आपोआप आत ओढला जातो. भोवरा कसा दिसतो ते सोडून भोवरा कसा वागतो ते त्याने काढलंय. सोलापूरकरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तसं लिहायचं की खाली." त्याचंही बरोबर आहे.

कोरायची पद्धत सांगून ठेवतो, कुणाला करायची असेल तर. जो भाग सगळ्यात वर ठेवायचा तो नेलपॉलिशने झाकायचा (बहिणीची बाटली, परवानगीशिवाय), मग पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये. काढून धुवायचा, दुसरी पायरी झाकायची, पुन्हा आत. असं तीनदा. हातमोजे घाला, चष्मा लावा, आणि चांगला शर्ट घालू नका, ते तांबूस डाग निघत नाहीत. काम झालेलं द्रावण मी बेसिनमध्ये ओतायला निघालो होतो तेव्हा लॅबमधल्या काकांनी हात धरला. म्हणाले, "डोंबिवलीचा ना तू? तरी असं करतोस?" त्यात आता तांबं आणि जस्त उतरलेलं असतं. त्यांनी धुण्याचा सोडा घालून ते शांत करायला लावलं, गाळ खाली बसू दिला आणि तो वेगळ्या कॅनमध्ये भरून लॅबच्या कचऱ्याच्या नोंदीत घातला. आमच्या शहरात 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता आणि 2020 च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. रंग कुठून तरी बाहेर पडतो आणि कुठे तरी जातो, हे डोंबिवलीकराला शिकवावं लागू नये. मला शिकवावं लागलं.

रोलरचं गणित सोपं आहे, पण मजेचं. रोलरच्या एका फेऱ्यात पूर्ण प्लेट झाकली गेली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या फेऱ्याच्या सुरुवातीची आडवी रेघ उमटते. म्हणजे परीघ निदान प्लेटच्या लांबीएवढा. 9 भागिले 3.14, व्यास सुमारे 2.9 सेंटिमीटर. आमचं भागलं. पण समजा प्लेट 45 सेंटिमीटर लांब असेल तर रोलर 14 सेंटिमीटरच्या वर जाड हवा. असे रोलर हातात धरून तोलत, न घसरवता एकदाच फिरवायचे म्हणजे दंडात ताकद पाहिजे. रोलर किती मऊ हे शोर नावाच्या मापात मोजतात. बाबा नखाने दाबून सांगत होते. "हा चाळीसच्या वर आहे, हा वीस-पंचवीस." इथल्या लॅबमधल्या मीटरवर मी नंतर गुपचूप तपासलं. पहिला 43 निघाला, दुसरा 24.

दाबासाठी खरं तर दोन रोलरांमधून सरकणारं टेबल लागतं, उसाच्या रसाच्या यंत्रासारखं. ते कुठून आणणार? सिव्हिलच्या सरांची परवानगी काढून आम्ही काँक्रीटचे क्यूब फोडायच्या मशीनवर गेलो. पत्रा, वर ओलसर कागद, वर जाड नमदा, वर लोखंडी प्लेट. 100 किलोन्यूटन. 90 मिलिमीटरच्या चौकोनावर याचा दाब होतो सुमारे 12 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एम-20 चा क्यूब फोडायला याच दाबाच्या दुपटीच्या आसपास लागतं, तेव्हा मशीनला हा पोरखेळ. यातून रोलरवाल्या प्रेसचं शहाणपणही कळलं. रोलर एका वेळी फक्त एका अरुंद पट्टीवर टेकतो. पट्टी 5 मिलिमीटर रुंद धरली तर क्षेत्रफळ अठरावा हिस्सा. तेवढाच दाब साडेपाच किलोन्यूटनमध्ये मिळतो. म्हणून ती यंत्रं हाताने फिरवता येतात.

पहिल्या छाप्याच्या दिवशी मी बाबांना कॉलेजात घेऊन आलो. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वर्कशॉपमध्ये शिरल्यावर आधी त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मग बोटांत शाई घेतली, अंगठा आणि तर्जनी जुळवून सोडवली, दोघांच्या मध्ये तार किती लांब जाते ते पाहिलं. मी पुस्तकातून लिहून आणलेला क्रम वाचायच्या आतच ते म्हणाले, "आधी घट्ट. मग पातळ. मशीनवर नेहमी असंच."

मी म्हटलं, पुस्तकात उलटं आहे. ते म्हणाले, छपाईचं पुस्तक मला नको सांगू. मग मी गप्प बसलो. तेवढी अक्कल मला होती.

त्यांनी काळी शाई चरींत भरली, खळ घातलेल्या मलमलीने पुसली, शेवटी तळहाताला खडूची पूड लावून तळहातानेच पत्रा साफ केला. तो हात इतका हलका फिरत होता की मी बघतच राहिलो. मग कडक रोलरने घट्ट निळी, मऊ रोलरने पातळ पिवळी. दाब दिला, कागद सोलला. वरचा भाग सगळा हिरवा, खालचा पिवळा, कडा धूसर, आणि भोवरा त्यात बुडालेला. "हिरवा पाऊस," मी म्हटलं. बाबा हसले नाहीत. कागद घेऊन दारापाशी उजेडात गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

परत आले ते बोलतच. इतकं सलग बोलताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

चार रंगांच्या मशीनवर कागद एका झपाट्यात चारही रंगांखालून जातो, मधे वाळायला वेळ नसतो. ओल्यावर ओलं बसवायचं असतं. म्हणून पहिली शाई सगळ्यात चिकट आणि मागची प्रत्येक थोडी कमी चिकट ठेवतात. का? रोलर किंवा ब्लँकेट उचललं जातं तेव्हा शाईचा थर फाटतोच. अर्धा वर जातो, अर्धा खाली राहतो. आणि फाटतो कुठे, तर जिथे सगळ्यात कमजोर आहे तिथे. खाली घट्ट आणि वर पातळ असेल तर पातळ थर मधोमध फाटतो, आणि त्यातला अर्धा खालच्या रंगावर बसून राहतो. दोन रंग एकावर एक बसले, पिवळा अधिक निळा, हिरवा. छापखान्यात याला ट्रॅपिंग म्हणतात आणि ते हवंच असतं, त्यावाचून चार रंगांतून बाकीचे रंग होणारच नाहीत. पण क्रम उलटा झाला, खाली पातळ आणि वर घट्ट, तर फाटायची जागा खालच्या पातळ थरात येते. वरची घट्ट शाई रोलरवरून सुटतच नाही. उलट जाताना खालची थोडी पातळ शाईच घेऊन जाते. दुसरा रंग बसला नाही, ट्रॅप झाला नाही, माल रद्दी.

"एकदा एका दिवाळी अंकाचं कव्हर असं गेलं होतं," बाबा म्हणाले. "नवीन शाई आली होती, कुणी तपासली नाही. मी रात्रभर उभा होतो." मग त्या हिरव्या कागदाकडे बघून म्हणाले, "आम्ही अठ्ठावीस वर्षं जे होऊ नये म्हणून मरत होतो, ते हा माणूस मुद्दाम करतोय!"

हेच ते. माथ्यावर आधी पातळ पिवळी आहे. मग घट्ट निळीचा मऊ रोलर सगळीकडून जातो. माथ्यावर पिवळी त्याला बसू देत नाही. खालच्या पायरीवर कोरा धातू आहे, तिथे थर निळ्या शाईतच फाटतो आणि निळा बसतो. रंगांच्या सीमा कुणी आखलेल्या नाहीत, त्या तेलाच्या प्रमाणाने पडलेल्या आहेत. आणि तेल थोडं कमी-जास्त केलं, तर सीमा पुसट होतात, थोडी निळी पिवळ्यावर रेंगाळते. रेड्डींच्या छाप्यात एक रंग दुसऱ्यात झिरपत गेल्यासारखा दिसतो त्यामागे हा ताबा आहे. एका प्लेटवरचे दोन छापे वेगवेगळ्या रंगांत काढता येतात, क्रम बदलला की चित्रच बदलतं, तेही यामुळेच.

दुसरा छापा आम्ही उलट्या क्रमाने घेतला. निळा फार पसरला, कारण दुपारचे तीन वाजले होते, पत्र्याच्या छपराखाली शाई उन्हाने सैल झाली होती. (तापमान वाढलं की द्रवाची श्यानता कमी होते. हा प्रश्न मला तोंडी परीक्षेत आला होता, उत्तर बरोबर दिलं होतं आणि तरी इथे विसरलो.) निळीत आणखी पूड घातली. तिसरा छापा. चौथा. पाचव्याला कागद सोलताना बाबांनी श्वास धरला होता हे मला ऐकू आलं.

माथ्यावर स्वच्छ पिवळा. उतारावर निळा. दोघांच्या सांध्यावर केसभर हिरवी रेघ, आणि मध्ये खोल काळ्या चरी फिरत आत जाताहेत. एक पत्रा, एक दाब. हात किंचित चुकल्यामुळे एका कोपऱ्यात आडवा डाग आहे, तो तसाच ठेवलाय.

बाबांनी खिशातून ते पितळी भिंग काढलं आणि कागदावर टेकवलं. "ये, बघ," म्हणाले. ठिपका एकही नव्हता. पिवळा सलग पिवळा होता आणि निळा सलग निळा, आणि त्यांच्यामध्ये कागद थोडा उंच-सखल झालेला दिसत होता, पत्र्याच्या डोंगरांचा उलटा ठसा.

सिव्हिलच्या सरांना एक छापा दिला, तो त्यांच्या केबिनमध्ये लागला आहे. लॅबच्या काकांना एक. एक रूमच्या भिंतीवर, मासिकाच्या पानाच्या शेजारी. सोलापूरकर आता नवीन येणाऱ्याला दोन्ही दाखवून विचारतो, यातला छापलेला कोणता आणि छापाचा फोटो कोणता सांग, आणि उत्तर चुकलं की भिंगाची गोष्ट ऐकवतो. पाचवा छापा बाबांनी मागून घेतला. खाली पेन्सिलीने त्यांनी दोन सह्या करायला लावल्या. आधी माझी, मग त्यांची, त्यांच्यापुढे कंसात 'मशीनमन'.

कोरलेला पत्रा वर्कशॉपमध्ये सरांच्या कपाटात आहे. शाई, जवसाचं तेल आणि दोन्ही रोलर तिथेच. बाबा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी यायला तयार आहेत. येणाऱ्याने जुना शर्ट घालून यावे.